गेटच्या ॲपवर तुझं नाव का नाही?

"ताई, नमस्कार. मी सोलापूरची, वय २६. मे महिन्यात लग्न झालं आणि जूनमध्ये आम्ही बंगलोरला आलो. मिस्टर चार वर्षांपासून इथंच आहेत, व्हाइटफील्डला आयटी कंपनीत. कडुगोडीला वन बीएचके घेतलाय, भाडं २२ हजार, डिपॉझिट दीड लाख. त्यातले ६० हजार माझ्या एफडीचे होते, सोलापुरात एका सीएंच्या ऑफिसला टॅली आणि जीएसटीचं काम करायचे त्यातून साठवलेले. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, व्यसन नाही, ओरडत नाहीत. पण सकाळी नऊला जातात ते रात्री साडेआठ-नऊला येतात, शनिवारी त्यांचे जुने रूममेट असतात, क्रिकेट नाहीतर कुणाच्या तरी फ्लॅटवर. मी दिवसभर घरात. आमच्या आज्जीला कानडी छान येतं, ती अक्कलकोटची, पण मला येत नाही. घरात इंडक्शन आहे त्यावर भाकरी होत नाही, डाळ शिजत नाही, केस गळतायत. सासूबाईंचा रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल असतो, आज काय केलं दाखव म्हणतात. मिस्टर म्हणतात काही लागलं तर सांग ना, पण कोथिंबिरीच्या वीस रुपयांसाठी फोन करून जीपे करा म्हणायची लाज वाटते. मागच्या आठवड्यात आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवल्या होत्या, ते पार्सल गेटवरूनच परत गेलं, कारण सोसायटीच्या ॲपवर फक्त मिस्टरांचा नंबर आहे आणि ते मीटिंगमध्ये होते. मी दोन दिवस रडले. ते म्हणाले चटणीसाठी एवढं काय, ऑनलाइन मागव. आता आई म्हणते चार-सहा महिने सोलापूरला ये, मन रमेल. सासूबाई म्हणतात मीच महिनाभर येते. मी काय करू?"

— एक वाचक, मूळ सोलापूर, सध्या बंगलोर

चटणीसाठी कुणी दोन दिवस रडत नसतं गं. आणि ऑनलाइन मागव म्हणणाऱ्याला हेही कळत नाही की आईने उखळात कुटलेली, डब्याच्या झाकणाला चारी बाजूंनी सेलोटेप मारून पाठवलेली चटणी ऑनलाइन कुठेच मिळत नसते. पण चटणी बाजूला ठेवू. मला तुझ्या पत्रात खटकलं ते दुसरंच. पार्सलवर नाव तुझं, घरात हजर तू, आणि ते आत घ्यायचं का नाही हे ठरवणार कोण, तर तिकडे ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेला माणूस.

जरा आठवून बघ. रेंट ॲग्रीमेंट कुणाच्या नावावर आहे, वायफाय कुणाच्या, लाइट बिलाचा मेसेज कुणाला येतो, पाण्याचा कॅनवाला कुणाचा नंबर लावतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण आहे. पैज लावून सांगते सगळीकडे मिस्टर. यात त्यांचा काही डाव आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते आधीपासून तिथं होते, फ्लॅट त्यांनी शोधला, फॉर्म त्यांनी भरले, आणि फॉर्म भरताना माणूस आपलाच नंबर टाकतो, एवढंच झालंय. पण त्याचा परिणाम असा की सात महिने होत आले तरी त्या शहराच्या लेखी तू तिथं राहतच नाहीस. आणि वर तू म्हणतेस मन रमत नाही. कसं रमेल, पाहुण्याचं मन तिसऱ्या दिवशी घराकडे ओढ घेतं आणि तू तर अशी पाहुणी आहेस जिला दोन्ही वेळचा स्वयंपाकपण करावा लागतोय.

म्हणून मन रमवायचे उपाय मी सांगणार नाही. छंद लावून घे, यूट्यूब चॅनल काढ, झाडं लाव वगैरे. (कढीपत्ता लाव, तो लागतोच, पण तो उपाय नव्हे.) तू आधी कागदोपत्री त्या शहरात राहायला जा. बाकीचं बरंचसं त्याच्या मागून येईल असं माझं मत आहे.

सुरुवात आज रात्री, ते गेटचं ॲप. ज्याच्या नावावर फ्लॅटची नोंद आहे त्याला त्यात घरातला माणूस ॲड करता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, नाही जमलं तर मॅनेजर करून देतो. त्यात तुझा नंबर टाकायचा आणि पार्सल, कॅनवाला, कामवाली या सगळ्यांची विचारणा आधी तुझ्या फोनवर येईल असं करून घ्यायचं. त्यांना सांग की जेवायला बसायच्या आधी हे करा. उद्या करतो म्हणाले तर म्हणावं उद्या तुम्हाला मीटिंग असते. आणि सोसायटीच्या ग्रुपवरपण तुझा नंबर जाऊ दे, तिथं लोक दिवसभर पार्किंगवरून भांडतात ते सोड, पण पाणी कधी जाणार, टँकर कधी येणार आणि कुणाकडे चांगली मावशी आहे हे सगळं तिथंच कळतं, आणि घरी तर तूच असतेस.

आता डिपॉझिट. बंगलोरचं डिपॉझिट हे वेगळंच प्रकरण आहे, आपल्याकडे पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं दिलं की भागतं, तिथं पूर्वी सर्रास दहा महिन्यांचं घ्यायचे, आता पाच-सहा-सातवर आलंय. म्हणजे तुम्ही दिलेले दीड लाख तिथल्या हिशोबाने जास्त नाहीत, पण त्यातले ६० हजार तुझे आहेत आणि ॲग्रीमेंटवर तुझी सही नाही (असं मी धरून चालतेय). उद्या फ्लॅट सोडला की मालक पैसे कुणाच्या अकाउंटला टाकणार? ज्याचं नाव त्याच्या. मग ते तिथून कुठं जातील, नवीन फ्लॅटच्या डिपॉझिटला का गाडीच्या डाउन पेमेंटला, ते तुला कळेलच असं नाही, आणि पाच वर्षांनी ते ६० हजार होते हेच कुणाला आठवणार नाही. भांडू नकोस यावरून. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं, जूनमध्ये केलंय म्हणजे मेच्या आसपास रिन्यू होईल, तेव्हा भाडेकरू म्हणून दोघांची नावं टाकायची. मालकाला काही फरक पडत नाही, त्याला भाडं वेळेवर पाहिजे.

आणि तो कागद आत्ताच काढून एकदा पूर्ण वाच, तू सीएंच्या ऑफिसातली आहेस, तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळेल. घर सोडताना पेंटिंगचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथं पद्धत आहे आणि ते बहुतेक वेळा ॲग्रीमेंटमध्ये आधीच लिहिलेलं असतं, लोक सही करताना बघत नाहीत आणि सोडताना कपाळाला हात लावतात. नोटीस किती महिन्यांची, भाडं किती टक्के वाढणार, तेपण बघून ठेव. घराचा एक व्हिडिओ काढ, बाथरूमच्या टाइल्स, नळ, दारामागची ओल, सगळं, आणि मालकाला पाठवून दे म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

पैशाचं. "काही लागलं तर सांग ना" हे तुझे मिस्टर अगदी मनापासून म्हणत असणार, त्यांना वाटत असेल आपण किती मोकळे आहोत, बायकोला कशाला नाही म्हणत नाही. पण सांगावं लागणं हीच अडचण आहे हे त्यांच्या लक्षात येत नाहीये, कारण त्यांना स्वतःला कुणाला सांगावं लागत नाही. तू काल-परवापर्यंत स्वतःच्या पगारातून खर्च करणारी बाई, एफडी करणारी, आणि आता कोथिंबिरीवाल्यासमोर उभं राहून नवऱ्याच्या जीपेची वाट बघतेस. लाज तुला वाटायचं काहीच कारण नाही, पण वाटते ती बरोबर जागी वाटते.

तर एका रविवारी दोघांनी वही घेऊन बसा. मोबाइलवर नको, वहीच. भाडं, मेंटेनन्स, किराणा, दूध, भाजी, पाण्याचे कॅन, लाइट, नेट, त्यांच्या घरी पाठवतात ते, एसआयपी, बाहेर खाणं, सगळं लिहा. त्यांचा पगार किती ते तुला माहीत आहे ना? पत्रात लिहिलेलं नाहीस म्हणून विचारते, नसेल माहीत तर ते सगळ्यात आधी. मग घरखर्चाचा जो आकडा निघेल तो पगाराच्या दिवशी थेट तुझ्या अकाउंटला आला पाहिजे, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून, म्हणजे दर महिन्याला आठवण करायची नाही. त्याच्यावर दोघांना स्वतःसाठी थोडे पैसे, तीन हजार असोत नाहीतर पाच, पण दोघांना सारखे आणि त्याचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा नाही, त्यांनी क्रिकेटच्या टर्फचा देऊ नये, तू कशाचाच देऊ नये. बायकांनी काटकसर केली की तिला कौतुकाने संसारी म्हणतात आणि पुरुषांनी टर्फ बुक केलं की ते स्ट्रेस काढणं असतं, हे मला फार जुनं दुखणं आहे, असो.

आता स्वयंपाकघर, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात खरी वाक्यं तिथली आहेत. इंडक्शन बॅचलरच्या मॅगीला ठीक. त्यावर भाकरी पहिल्या दोन बाजूंनी भाजते पण फुगायला जाळ लागतो, तो कुठून आणणार, मग ती पापडासारखी वातड होते आणि आपल्याला वाटतं आपला हात बिघडला. हात नाही बिघडला. गॅसचं कनेक्शन घ्या. सोसायटीत पाइप गॅस असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर सिलेंडरचं नवीन कनेक्शन, आणि ते तुझ्या नावावर घ्यायचं. सासऱ्यांच्या नावावरचं कनेक्शन त्यांच्या घरी राहू दे, तुमचं घर वेगळं, चूल वेगळी. ओळखपत्र आणि पत्त्यासाठी रेंट ॲग्रीमेंट चालतं. तोपर्यंत पाच किलोचा छोटा सिलेंडर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, फक्त ओळखपत्र दाखवायचं, नवीन शहरात आलेल्या लोकांसाठीच तो आहे, तरी लोकांना माहीत नसतो.

भाकरीचं अजून एक. पाकिटातलं ज्वारीचं पीठ किती महिन्यांपूर्वी दळलंय कुणास ठाऊक, पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो आणि थापताना कडा फाटतात. उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेव, कोमट झालं की मळ, त्याने बराच फरक पडतो. पण खरा उपाय गिरणी. बंगलोरमध्ये लोक नाचणी दळून घेतात त्यामुळे जुन्या वस्तीत गिरण्या आहेत, टॉवरमधल्या लोकांना नाही माहीत, तू सोसायटीतल्या मावशीला विचार. ज्वारी तर तिथं मिळतेच. आणि हे तुला अजून कुणी सांगितलं कसं नाही, बंगलोरभर उत्तर कर्नाटकी खानावळी आहेत, विजापूर, बागलकोट, गुलबर्गा, हुबळीकडच्या लोकांच्या, तिथं जोळद रोट्टी, म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच गं, भरल्या वांग्यासारखी वांग्याची भाजी आणि बाजूला शेंगाचटणी वाढतात. कडक रोट्टीची चळत बांधून विकायला ठेवलेली असते. आईच्या हातची नाही, मान्य, पण सोलापूरपासून विजापूर किती लांब आहे? तुझ्या मिस्टरांना चार वर्षांत हे सापडलं नाही कारण ते बिर्याणी मागवत होते.

डाळ शिजत नाही ते पाण्यामुळे. व्हाइटफील्डकडे बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, कावेरीचं पाणी त्या बाजूच्या गावांना द्यायची पाचवी योजना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली पण प्रत्येक सोसायटीत ते आलंच आहे असं नाही, वॉचमनला विचार तुमच्याकडे काय आहे. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी गोटा राहते. डाळ अर्धा-पाऊण तास भिजव, कुकरला लावताना आरओचं नाहीतर कॅनचं पाणी घे, मीठ आणि चिंच नंतर. केसांना शेवटचा तांब्या तरी प्यायच्या पाण्याचा घेऊन बघ, आणि तरीही मूठमूठ गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, प्रत्येक गोष्टीचं खापर पाण्यावर फोडायचं नाही.

लाइट बिलाचं पण बघून ठेव. कर्नाटकात गृह ज्योती म्हणून योजना आहे, महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज माफ, भाडेकरूंनाही मिळते, फक्त मागच्या वापराच्या सरासरीवर हिशोब असतो आणि २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. इंडक्शन आणि गिझर दोन्ही चालू असतील तर काय होत असेल तूच बघ.

दुसरी योजना तुझ्या जास्त कामाची आहे. शक्ती योजना, ११ जून २०२३ पासून, कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट, एसी बस सोडून. पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे, सोलापूरचं आधार दाखवलंस तर तिकीट काढावं लागेल. आधारवरचा पत्ता बदलायला तुझ्या नावाचा कागद नसेल तरी अडत नाही, आधी मिस्टरांचा पत्ता बदलून घ्यायचा आणि मग कुटुंबप्रमुख म्हणून त्यांच्या संमतीने ऑनलाइन तुझा बदलता येतो, नात्याचा पुरावा म्हणून मॅरेज सर्टिफिकेट लागतं. लग्नाची नोंदणी केलीय ना? नसेल तर सोलापूरला जाशील तेव्हा पहिलं काम ते. मेहंदीचे फोटो पाचशे असतात आणि सर्टिफिकेट नसतं, अशी किती घरं दाखवू. बाकी तिकिटाचे पैसे वाचतात म्हणून मी हे सांगत नाहीये, वाचेल ते वाचेल. पण कंडक्टर ते शून्य रुपयांचं तिकीट तुझ्या हातात देतो तेव्हा त्याच्या दृष्टीने तू तिथली असतेस. आणि फुकट असलं की माणूस उगाच कुठंतरी जाऊन येतो, तुला सध्या उगाच कुठंतरी जाऊन यायची फार गरज आहे.

भाषेचं तू उगाच टेन्शन घेतलंयस. घरात अक्कलकोटची आज्जी आहे आणि तू म्हणतेस कानडी येत नाही! तिला रोज फोन लाव आणि मराठी बोलायचंच नाही. एष्टु, बेकु, बेडा, साकु, नीरु बंतु (किती, पाहिजे, नको, पुरे, पाणी आलं) एवढ्यावर आठवडा निघतो, मग आकडे, मग भाज्यांची नावं. आज्जीचं कानडी उत्तरेकडचं आहे, वाक्यागणिक री लावून बोलायचं, बंगलोरवाले हसतील, हसू देत, हसणारा माणूस भाव कमी करतो. भाजीवालीशी तू हिंदीत सुरू करत असणार, त्यापेक्षा अक्का म्हणून सुरू कर, पुढं मोडकंतोडकं चालतं. आणि अगदीच नको वाटेल त्या दिवशी हॉपकॉम्सच्या दुकानात जा, फळं-भाज्यांचं सरकारमान्य सहकारी दुकान आहे, भाव पाटीवर लिहिलेले, बोलायचं कामच नाही.

तुझ्या घराजवळून मेट्रो जाते हे तर मोठं नशीब. पर्पल लाइन २०२३ च्या ऑक्टोबरपासून व्हाइटफील्डपासून थेट मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यापर्यंत, आणि त्याच्याही पुढं जाते, मध्ये बदलायची नाही, तासभर लागतो, दुपारी बसायला जागा मिळते. मॅजेस्टिकला ग्रीन लाइन घेतली की एका बाजूला मल्लेश्वरम, दुसऱ्या बाजूला बसवनगुडी आणि गांधी बाजार, फुलं, केळीची पानं, पूजेचं सामान, म्हणजे जे बंगलोर तुला टॉवरच्या खिडकीतून दिसत नाही ते. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा, रस्ताभर नुसते शेंगांचे ढीग, यंदाची होऊन गेली असणार, पुढच्या वर्षी चुकवू नकोस, आपली सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आठवेल. महाराष्ट्र मंडळ पण मॅजेस्टिकजवळच आहे, गांधीनगरात. तिथं गेलीस की लगेच मैत्रिणी मिळतील असं नाही, मंडळात आधी काही वेळ लोक आपलं गाव आणि आडनाव विचारतात, पण हळदीकुंकवाला चार जणी तरी तुझ्या वयाच्या, तुझ्यासारख्याच कंटाळलेल्या असतील. पहिल्यांदा एकटीच जा. मिस्टरांना घेऊन गेलीस तर तुम्ही दोघं एकमेकांशीच बोलत बसाल.

नोकरीचं तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस, लग्न झालं म्हणून सोडली आणि विषय संपला असं? टॅली आणि जीएसटीचं काम बंगलोरला चालत नाही का? उलट जीएसटीचं पोर्टल सगळ्या देशाला एकच. सोलापूरच्या सीएंना फोन करून विचार, काही क्लायंटची रिटर्न्स घरून करू का म्हणून. ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी ही रिटर्न्स भरायची वेळ आली की त्यांच्या ऑफिसात काय धावपळ असते ते तुला माहीत आहे, कामाचं माणूस परत मिळत असेल तर कोण नाही म्हणेल. सुरुवातीला सहा-सात हजार मिळाले तरी घे. महिन्याला दोन डेडलाइन आल्या की सातच्या व्हिडिओ कॉलला मी जरा कामात आहे म्हणता येतं, हा फायदा वेगळाच. मग तिथंच एखाद्या सीए फर्ममध्ये नाहीतर छोट्या कंपनीत बघ, टॅलीला कानडी लागत नाही.

त्या कॉलबद्दल. सासूबाईंना वाईट समजू नकोस, मुलगा चार वर्षं काय खात होता या काळजीतून ते आलंय. पण कढईत कॅमेरा रोज न्यायचा नाही. कॉल मुलाच्या फोनवर, मुलगा घरी आल्यावर, आणि मुलाने स्वतः लावायचा, तू मागून दोन वाक्यं बोल आणि हो बाजूला. आठवड्यातून एकदा तुझ्या सोयीने तू वेगळा फोन कर, पाककृती विचार, त्यांना बरं वाटेल. हे त्यांना कुणी सांगायचं? मुलाने. सुनेने सांगितलं की भांडण होतं, मुलाने सांगितलं की तो बिझी असतो.

त्या महिनाभर येतायत त्यावर माझं मत, यायलाच पाहिजेत, पण वन बीएचकेमध्ये पहिल्यांदा दहा दिवस पुरे, आणि गॅस आल्यानंतर. त्या दहातले निदान दोन-तीन दिवस मुलाने सुट्टी टाकायची. आई त्यांची आणि बंगलोर दाखवणार तू, जिला स्वतःला अजून कुणी दाखवलं नाही, असं चालणार नाही.

जावईबापू, हे वाचत असाल तर तुमच्याशीही दोन शब्द. तुमची बायको तक्रार करत नाहीये, तिने पत्रात तुम्ही स्वभावाने चांगले आहात असंच लिहिलंय, ते फार जणींना लिहिता येत नाही. पण तुमचं बंगलोर चार वर्षांचं आहे आणि तिचं सात महिन्यांचं, त्यातलेही दिवसाचे बारा तास एकटीचे. मित्र सोडा असं कोण म्हणतंय, शनिवार महिन्यातून दोन तुमच्या मित्रांचे, दोन तुमचे दोघांचे, आणि त्या दोन शनिवारी मॉल नको, मॉल सोलापुरातही आहेत. मित्रांपैकी ज्यांची लग्नं झालीत त्यांच्या बायका कुठं असतात शनिवारी? त्याही अशाच घरात बसल्या असतील, एकदा सगळ्यांना घरी बोलवा, आणि स्वयंपाक तुम्ही मित्रमित्र करा, रूममेट असताना करत होतात ना. बाकी ते परत गेलेलं पार्सल कुठं अडकलंय त्याचा कुरियरवाल्याकडे माग काढा, ते काम तुमचं.

एक गोष्ट मात्र मी हलक्यात घेत नाही. रडू येतं ते ठीक, पण झोप लागत नाही, भूक मेली, सकाळी उठावंसं वाटत नाही, असं दोन-दोन आठवडे चाललं असेल तर ते घराची आठवण येणं नाही, तिथं बोलायला माणूस पाहिजे. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. आणि निमहान्ससारखी मानसिक आरोग्याची देशातली मोठी संस्था तुझ्याच शहरात आहे. यात लाजायचं काही नाही आणि मिस्टरांपासून लपवायचंही नाही.

राहता राहिलं सोलापूरला जाण्याचं. चार-सहा महिने जाऊ नकोस. आईच्या हातचं खाऊन बरं वाटेल, नक्की वाटेल, पण तिथून परत येशील तेव्हा कडुगोडीच्या त्या फ्लॅटमध्ये परत पहिल्या दिवसापासून सुरुवात, आणि मधल्या काळात मिस्टर परत बॅचलर झालेले असतील, त्यांना ती सवय पटकन लागते. संक्रांतीला मात्र जा. गड्डा बघ, नंदीध्वजांची मिरवणूक बघ, आठ-दहा दिवस राहा. उद्यान एक्सप्रेस रात्रभरात नेते, जाताना-येतानाचं दोन्ही तिकीट आत्ताच काढ, रिटर्न सकट, आणि स्वतःच्या अकाउंटमधून काढ. मॅरेज सर्टिफिकेट, सीएंची भेट, आज्जीकडे दोन दिवस कानडीत, अशी कामं आहेत तुला तिथं, नुसतं माहेरपण नाही. आणि येताना चटणी कुरियरने नको, बॅगेत घालून आण, किलोभर.